दोघांच्या सह्यांची वही

वहीला अजून पावडरचा वास येतो. लहान बाळांना लावतात ती पावडर. पगारे काका दर रविवारी पत्त्यांच्या जोडावर ती भुरभुरायचे आणि पंच्याने एकेक पान पुसायचे, म्हणजे पानं चिकटत नाहीत. मग सगळ्या टेबलाला, आमच्या हातांना, माझ्या ओढणीला तोच वास. घरी गेल्यावर आई विचारायची, "कोणाचं लेकरू खेळवून आली गं?"

देवळाली कॅम्पातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी बसले आहे. सकाळी शोभाताईंचा फोन आला. त्या इथं ग्रंथपाल आहेत. म्हणाल्या, "कपाट रिकामं करायचंय. पगारे सुभेदारांची वही आणि पत्त्यांचा डबा आहे. वहीवर तुझं नाव आहे. येऊन घेऊन जा." टेबल तेच आहे. वरची हिरवी चादर कोणी तरी नेली. खिडकीची काच अजून सैल आहे. लांब तोफखान्याच्या सरावाच्या रेंजवर तोफ उडाली की ती पूर्वीसारखीच थरथरते.

वर्षभर मी इथं आले नव्हते. का आले नाही ते मला ठाऊक आहे. पण ते एकदम लिहायचा धीर होत नाही, म्हणून आधी बाकीचं लिहिते.

माझं गाव सायखेडा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नाशिकरोडला मामाकडे राहायचे. मामाचं घर लहान, टीव्ही मोठा. शांत जागा शोधत शोधत बसने कॅम्पात आले आणि हे वाचनालय सापडलं. पुढच्या खोलीत मी अर्थशास्त्राच्या नोट्स काढायचे. मागच्या खोलीतून एकही शब्द ऐकू यायचा नाही, फक्त पानं टेबलावर ठेवल्याचा आवाज. टप. टप. मध्येच कोणी तरी सुस्कारा टाकायचं. एका रविवारी चौथा माणूस आला नाही आणि दारात एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले.

"बेटा, तेरापर्यंत मोजता येतं का?"

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. "येतं की."

"मग ये. बाकीचं शिकवतो."

हे पगारे काका. तोफखान्यात सर्व्हेअर होते, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तोफेपासून लक्ष्य किती लांब ते मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तोफेचा आवाज आला की ते बोलता बोलता थांबून एक बोट वर करायचे, काच थरथरायची थांबली की बोट खाली आणि वाक्य पुढे. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत थांबायचो.

घरी सांगितलं तेव्हा आई भांडी घासायची थांबली.

"कॉलेजात धाडलं ते पत्ते कुटायला?"

"आई, बुद्धीचा खेळ हे तो. ब्रिज म्हणतात."

"पारावर बसणारे बी तेच सांगतात. लय बुद्धी लागती म्हणे."

ब्रिजमध्ये चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाच्या हातात तेरा पानं. खेळण्याआधी बोली होते, आणि ती बोलीच खरी. भिडूची पानं आपल्याला दिसत नाहीत, आपली त्याला दिसत नाहीत. हावभाव करायचे नाहीत, डोळ्यांनी खुणवायचं नाही. फक्त बोलीची छापील कार्डं एकामागे एक टेबलावर ठेवायची आणि तेवढ्यावरून एकमेकांना ओळखायचं. म्हणून भिडू आधी बसून ठरवून घेतात, की मी अमुक बोललो तर त्याचा अर्थ तमुक. त्याला काका संकेत म्हणायचे. आणि संकेत गुप्त नसतो. समोरच्या जोडीलाही तो माहीत असावा लागतो. भिडूच्या बोलीचा काही वेगळा अर्थ ठरलेला असेल, तर तो आपण मोठ्यानं सांगायचा.

आमचे संकेत या वहीत आहेत. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. प्रत्येक संकेताखाली दोघांच्या सह्या. काकांची पेन्सिलीनं, माझी पेनानं. पहिल्यांदा सही करताना मला हसू आलं होतं. काका हसले नाहीत. "सही केली की ते दोघांचं," म्हणाले. मी तोवर सही केली होती ती फक्त फॉर्मवर. पालकांचे शिक्षण या रकान्यापुढे रेघ मारून, खाली सही.

दोघंच असलो की आम्ही नुसती बोली खेळायचो. पानं वाटायची, बोली करायची, मग पानं उघडून बघायचं, एकमेकांना किती कळलं. हिवाळ्यात तेव्हा खोलीत उन्हाची एकच पट्टी यायची. ती टेबलावरून सरकत माझ्या हातावर येईपर्यंत आम्ही बसायचो. बाहेर बेकरीची भट्टी लागलेली असायची. जाताना काका मला कागदात बांधलेल्या चार नानकटाया द्यायचे. टेबलावर ते मला भिडू म्हणायचे, टेबलावरून उठलो की बेटा.

मी विचारायचे, "सगळं ठरवलेलंच बोलायचं असेल तर डोकं कुठं लावायचं, काका?"

"ठरवलेलं म्हणजे नकाशा. नकाशात पूल आहे, पण पुढे पूल वाहून गेलेला दिसला, तर नकाशा बघत पाण्यात शिरायचं का? तिथं आपली अक्कल."

"मग अक्कल कधी लावायची ते कसं कळायचं?"

"आपल्या तेरा पानांकडे बघून. भिडूच्या तोंडाकडे बघून नाही."

हे मी वहीत लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या वर्षाला असताना मी मोबाइलवर एक नवीन संकेत शिकले आणि पळत काकांकडे आले. भिडूनं बिनहुकुमाची बोली केली असेल, आणि आपल्याकडे इस्पिकची पाच पानं असतील, तर इस्पिक बोलायचं नाही. दोन बदाम बोलायचं. भिडूनं ते ऐकून इस्पिक बोलायचं. त्यात फायदा असतो, तो इथं सांगत बसत नाही.

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बदाम बोलायचं आणि इस्पिक समजायचं? हे तर फसवणं झालं."

"समोरच्यांना सांगून केलं तर फसवणं कसं, काका?"

ते मोठ्यानं हसले. "खरंय. सांगून केलं तर फसवणं नाही." त्यांनी चष्मा लावला, मी हिरव्या शाईनं संकेत लिहिला, आणि त्यांनी खाली सही केली. तो माझा संकेत होता. माझ्याकडून कोणी काही शिकलं असं पहिल्यांदाच झालं होतं.

त्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका दोन बदाम बोलले. मी ठरल्याप्रमाणे इस्पिक बोलले. सगळा डाव कोसळला.

"भिडू, इस्पिक कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतायत. वही दाखवली. "अरे हो," म्हणाले. पुढच्या रविवारी तेच झालं. नंतर एकदा नाही झालं, नंतर परत झालं. त्यांचे जुने संकेत पक्के होते, तीस-चाळीस वर्षांचे. माझाच तेवढा निसटत होता. आणि मला एक गोष्ट दिसली. संकेत आठवत असला की काका कार्ड ठेवून चष्म्यातून पानांकडे बघत बसायचे. आठवत नसला, म्हणजे त्यांच्याकडे खरंच बदाम असले, की कार्ड ठेवून चष्मा काढायचे. काम झालं, आता बोलायचं नाही, असं.

मग मी चष्मा बघायला लागले. काकांनी चष्मा काढला की मी गप्प राहायचे आणि पास करायचे. डाव जमायचे. काका खूष व्हायचे. "भिडूचा अंदाज पिकला!" म्हणायचे. रविवारची माणसं घरचीच, कोणी काही बोललं नाही. मलाही तो अंदाजच वाटत होता. काळजी घेतल्यासारखंही वाटत होतं. खरं सांगायचं तर अभिमान वाटत होता.

फेब्रुवारीत नाशिकला जोड्यांची स्पर्धा होती. हॉलच्या बाहेर द्राक्षांच्या पाट्या, आत एसीचा गारठा. आमच्यासमोर एक वकील साहेब आणि त्यांच्या मिसेस बसल्या. बाई हसऱ्या होत्या. "एवढ्या लहान मुली खेळतात बघून बरं वाटतं," म्हणाल्या. मी बिनहुकुमाची बोली केली. काकांनी दोन बदामचं कार्ड ठेवलं.

आणि चष्मा काढला.

मी त्याचा अर्थ सांगायला हवा होता, इस्पिक. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी बोलले नाही. माझी पाळी आली तेव्हा पास केलं.

डाव काकांनी खेळायचा होता, म्हणून नियमाप्रमाणे मी माझी तेरा पानं टेबलावर उघडी मांडली. काका सुंदर खेळले. हळू, एकेक पान. दोनच्या बोलीला लागतात ते आठही हात घेतले. माझी पानं उघडी पडलेली, आणि वकील साहेबांची नजर त्यांच्यावरून माझ्यावर, माझ्यावरून टेबलावर ठेवलेल्या आमच्या संकेतांच्या छापील कार्डावर.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तुमच्या कार्डावर छापलंय, इथं बदाम म्हणजे इस्पिक. तू ते सांगितलं नाहीस. बरं, पासही केलंस. तुला कसं कळलं, यांच्याकडे खरंच बदाम आहेत?"

"अहो, जाऊ द्या ना," मिसेस म्हणाल्या.

"नाही, पंचांना बोलावू. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

पंच आले. माझ्या कानात नुसता एसीचा आवाज. मी म्हणाले, "सर, मी विसरले. संकेत विसरले."

पंचांनी मान डोलावली. विसरणं हा गुन्हा नाही. ते वळणारच होते.

"थांबा," काका म्हणाले. "ही विसरणं शक्य नाही."

"काका, खरंच मी..."

"हिचाच संकेत आहे तो. हिनं मला शिकवलाय. माझी भिडू काही लपवणार नाही, काही तरी गोंधळ आहे तुमचा." ते माझ्या बाजूनं भांडत होते. त्यांनी पिशवीतून वही काढली, भराभर पानं उलटली, हिरव्या शाईचं पान काढून पंचांपुढे धरलं. "हे बघा. हिचं अक्षर. दोन बदाम म्हणजे पाच इस्पिक. ही हिची सही. आणि ही..."

त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. स्वतःच्या सहीकडे बघितलं. मग टेबलावरच्या त्या बदामाच्या पानांकडे. मग माझ्याकडे. तो चेहरा मला अजून दिसतो. भीती नव्हती त्यात. नकाशावर नसलेली नदी पुढे आल्यावर माणूस थांबतो, तसं काही तरी होतं.

"ही सही माझी आहे," ते म्हणाले. हॉलमध्ये सगळीकडे पानं वाजत होती. "विसरलो तो मी. आणि हिला ते माहीत होतं. डाव यांचा."

मिसेसनी माझ्या हातावर हात ठेवला. तो मी काढून घेतला, हेही आठवतं.

बसमध्ये काका खिडकीशी बसले. वही मांडीवर. बिटको चौक मागे पडल्यावर त्यांनी विचारलं,

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"कळायचं कशावरून?"

मी सांगितलं, चष्म्यावरून. त्यांनी चष्मा हातात घेऊन बघितला, कोणा दुसऱ्याचा असावा तसा.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, काका."

"ते कळलं. दोघांनी मिळून ठरवलं तर तो संकेत, बेटा. एकानं दुसऱ्याबद्दल मनात ठरवलं, तर त्याला काय म्हणायचं?" ते बाहेर बघत म्हणाले, "मला वाटत होतं, आपण दोघं खेळतोय."

कॅम्पात उतरल्यावर त्यांनी नेहमीसारख्या चार नानकटाया घेतल्या. मी त्या खाल्ल्या नाहीत. कागद तेलकट होईपर्यंत दप्तरात होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं. आमचा शेवटचा संकेत. 'भिडू संकेत विसरतो. खेळायला बसताना समोरच्यांना हे आधी सांगणे.' सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"काका, मी हे म्हणणार नाही."

"सांगून केलं तर फसवणं नाही. तूच म्हणाली होतीस." ते त्यांना आठवत होतं.

मी सही केली. प्रत्येक डावाला बसताना म्हणायला लागले, "माझा भिडू संकेत विसरतो." पहिल्यांदा वहीत बघत नुसतं पुटपुटले. रविवारचे लोक भले. एक जण म्हणाले, "अहो सुभेदार, आमचा भिडू तर खेळायला कशाला बसलाय तेच विसरतो!" सगळे हसले, काका सगळ्यांत जास्त. हळूहळू ते वाक्य पावडर लावण्यासारखं झालं. पावडर, वाटणी, वाक्य, बोली.

मग उन्हाळा आला. खिडकीबाहेर निंबाचा मोहर झडून गेला होता, मी बसता बसता ते वाक्य म्हणाले, आणि काकांनी पानं लावता लावता मान वर केली.

"कोण विसरतं, बेटा?"

कोणी हललं नाही. मी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सावकाश वाचलं, स्वतःचं अक्षर, स्वतःची सही. चेहरा स्पर्धेतल्यासारखाच झाला. मग म्हणाले, "मग बरोबर आहे. सांगितलंच पाहिजे." आणि पानं उचलली.

पुढच्या रविवारी पुन्हा, "कोण विसरतं, बेटा?" त्याच्या पुढच्याही. दर वेळी त्यांना तो धक्का नव्यानं बसायचा, आणि तो द्यायचा मी. मी म्हणाले, "परीक्षा आहे, काका." परीक्षा झाली. निकाल लागला. मी आले नाही.

हे लिहायचं होतं.

शोभाताई आत्ता चहा ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुझ्या परीक्षेनंतर बाकीचेही पांगले गं. सुभेदार मात्र सूनबाई घराबाहेर सोडत होती तोवर यायचे. रविवारी. कपाट उघडायचे, वही वाचायचे, काही लिहायचे आणि बसून राहायचे. मी म्हणायचे, कोणाची वाट बघताय? तर म्हणायचे, चौघं लागतात, पण आधी भिडू लागतो."

मी वहीत शेवटच्या संकेताचं पान उघडलं.

खाली आमच्या दोन सह्या. त्याखाली, पेन्सिलीनं: 'वाचले. मान्य. पगारे.' आणि त्याच ओळीत पुढे, 'भिडू', आणि पट्टीनं मारलेली एक मोकळी रेघ. त्याखाली परत. 'वाचले. मान्य. पगारे. भिडू', आणि मोकळी रेघ. पान भरलेलं. पान उलटलं, तेही भरलेलं. दर रविवारी त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं होतं आणि पहिल्यांदाच मान्य केलं होतं. दर वेळी माझ्यासाठी जागा सोडली होती. खाली खाली सही वाकडी होत गेलेली. शेवटच्या ओळीत 'वाचले' पण नाही. फक्त 'प', आणि तिथून कागदाच्या कडेपर्यंत घसरलेली पेन्सिल. पुढे मात्र रेघ आहे. पट्टीनं, सरळ.

माझा चहा गार झाला. पेन हातात घेतलं होतं. सगळ्या रेघा भरून टाकाव्यात असं वाटलं, वरपासून. मग लक्षात आलं की हेही तसंच होईल. मी विसरले, असं म्हणण्यासारखंच.

इथून पुढचं घरी परतल्यावर लिहिते आहे. वही आणि डबा घेऊन मी काकांच्या घरी गेले. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते, ताठ. सूनबाईंनी विचारलं, "ओळखलं का, आबा?" ते मला म्हणाले, "बसा." मला ते कधी बसा म्हणाले नव्हते.

मी वही दिली. त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला. शेवटचं पान वाचलं, मागचं वाचलं, त्याच्या मागचं.

"हा भिडू फार गैरहजर दिसतो," ते म्हणाले.

"हो."

"आजारी होता का?"

"नाही. घाबरला होता."

"सांगून गेला होता?"

"नाही सांगितलं, काका. परीक्षा आहे म्हणाले होते. परीक्षा कधीच संपली होती."

त्यांनी पेन्सिल माझ्याकडे केली, मग काही आठवल्यासारखी मागे घेऊन माझ्या पेनाकडे बोट दाखवलं. "मागच्या रेघांवर सही करू नका. त्या दिवशी नव्हता, तर नव्हता. आज आहात, आजची करा. ही शेवटची ओळ अजून पुरी व्हायचीय, तिथं."

लांब तोफ उडाली. त्यांचं बोट वर गेलं. आम्ही थांबलो. बोट खाली आलं.

मी शेवटच्या रेघेवर सही केली, त्या 'प'च्या पुढे. त्यांनी वही घेतली, पानं मागे मागे उलटत हिरव्या शाईच्या पानापर्यंत गेले. तिथं माझी जुनी सही होती. ती बघितली, मग आजची. पुन्हा ती, पुन्हा ही. बराच वेळ.

"जुळते," ते म्हणाले.

मग डबा उघडून पानं पिसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"काप, भिडू."